फोटो काढून अशोक ओळखला

 आमचा मंचरचा बचत गट.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका रोपवाटिकेतून अशोकाची रोपं आणली, वाढवली आणि सीतेचा अशोक म्हणून गावात विकली. एका आजींनी विचारलं, "पोरींनो, ह्याला लाल फुलं कधी येणार?" आम्हाला सांगता येईना. मनात पाल चुकचुकली.

म्हणून फाल्गुनात आम्ही अकरा जणी एसटीनं पुण्याला, एम्प्रेस गार्डनला गेलो. रेसकोर्सजवळची ३९ एकरांची ही जुनी बाग. जानेवारीत तिथं फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं. बरोबर तीन मोबाइल होते.

तिथं खरा सीतेचा अशोक पाहिला. केशरी-लाल गुच्छ थेट फांद्यांना बिलगलेले, कोवळी पालवी तांबूस, खाली लोंबलेली. आमची रोपं होती खोट्या अशोकाची. ते झाड सरळसोट वाढतं, पानांच्या कडा नागमोडी, फुलं बारीक हिरवट. सावलीला चांगलं, पण सीतेचा अशोक नव्हे.

फोटो काढताना एक गोष्ट शिकलो. नुसतं एक पान टिपलं तर फसगत होते. सीतेच्या अशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात, खोट्याचं पान सुटं असतं. म्हणून अख्खी डहाळी टिपायची. आधी नावाच्या पाटीचा फोटो, मग पूर्ण झाड, खोड, डहाळी, फूल, फळ. कैलासपतीसारख्या झाडाला फुलं खोडावरच येतात, म्हणून खोड विसरायचं नाही. सकाळी ऊन कोवळं असताना, सूर्य पाठीशी ठेवून काढायचा. आकार कळावा म्हणून फुलाशेजारी हात धरायचा. फूल तोडायचं नाही.

परत आल्यावर घरोघर जाऊन फोटो दाखवले, चूक कबूल केली. हवे त्यांना पैसे परत दिले. गटाचे सहाशे रुपये गेले. पण त्या आजी म्हणाल्या, "खरं सांगायला आलात, आता पुढचं रोपही तुमच्याकडूनच घेईन."

अशोकाची साल बायकांच्या औषधात वापरतात आणि तिच्यात खोट्याची साल मिसळली जाते. तेव्हा बाजारातली साल आपल्या मनानं घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि रोप घेताना मोठ्या झाडाचा, फुलासकट फोटो मागा. आमच्या मोबाइलात आता बावीस झाडं आहेत. गटाच्या बैठकीला या, दाखवतो.