छत कागदावर आहे तोवर
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी ताडकळसला आपण प्लॉट घेतले तेव्हा बैठकीत बोलणं व्हायचं ते पाण्याचं आणि रस्त्याचं. छताचा विचार कुणीच केला नाही. स्लॅब पडला, टाकी चढवली, झालं. आता मागच्या मोकळ्या प्लॉटांवर आपली मुलं घरं बांधायला निघालीत, म्हणून बोलतो.

तीन वर्षांपूर्वी मी सोलर बसवायला काढलं. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट उन्हाची जागा लागते. माझं छत त्याच्या दुप्पट. पण नैऋत्येला टाकी, तिला लागूनच जिन्याची खोली. वास्तूप्रमाणे अगदी बरोबर! पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, दुपार कलली की दोन्हींची सावली थेट छताच्या मधोमध. एका पॅनेलवर सावली आली की त्या ओळीतल्या बाकीच्यांचीही वीज घटते. शेवटी दोनच किलोवॅट बसले. वर केबलसाठी भिंत फोडली, तो डाग अजून दिसतो.

म्हणून नव्या घरवाल्यांना सांगतो, टाकी आणि जिना शक्यतो उत्तरेच्या अंगाला घ्या. वास्तू मोडायची नसेल तर पॅनेलचा सांगाडा टाकीहून उंच करा, पण स्लॅब ओतायच्या आधी इंजिनियरला सांगा. छतापासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीत सोडून ठेवा. आज पैसे नसले तरी चालेल, पॅनेल मागून येतील.

पैशाचंही बोलू. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं, पावसाळ्यात कमी. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरलं. बाकीचा खर्च घराच्या कर्जातच धरता येतो का, ते बँकेत आधीच विचारा. पॅनेलची हमी बहुधा 25 वर्षांची असते, म्हणजे आपल्या सुवर्णमहोत्सवापर्यंत!

एक गोष्ट विकणारे लवकर सांगत नाहीत. लाइट गेली की नेट मीटरवालं साधं सोलरही बंद पडतं. लाइनवर चढलेल्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून ती सोय आहे. बॅटरी लावली तर चालतं, पण खर्च वाढतो.

कॅलिफोर्नियात 2020 पासून नव्या घरांना सोलर सक्तीचं आहे. ते लांबचं राहू द्या, आपली परळी आठवा. 2013 च्या फेब्रुवारीत तिथलं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. दुष्काळात धरण आटतं, ऊन काही आटत नाही. पॅनेलला पाणी लागतं ते धूळ धुण्यापुरतं, चार बादल्या.

परवा एका वहिनींनी विचारलं, "भाऊ, मग कुरडया-पापड कुठं वाळवायचे?" प्रश्न रास्त आहे. माझ्या घरात तर हिनं आधी वाळवणाची जागा आखून घेतली, मग माणसाला छतावर चढू दिलं. तुम्हीही नकाशात दोन्ही जागा दाखवा.

माझी सूचना एवढीच, की नव्या बांधकामाला संस्थेचं ना-हरकत देताना नकाशावर पॅनेलची जागा आणि तो पाइप दाखवलेला असावा. येत्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव मी मांडतोय, अनुमोदक हवा आहे.