फळा दिसतो, पुस्तक कां दिसत नाहीं?

मूल शेवटच्या बाकावरून फळा बिनचूक वाचतें, एवढ्यावरून त्याची दृष्टि निर्दोष आहे असें आपण धरून चालतों. डोळे तपासण्याचा भिंतीवरचा तक्ता स्नेलेन या डच नेत्रवैद्यानें १८६२ सालीं तयार केला. तो २० फुटांवरून वाचावयाचा असतो. त्यानें पारख होते ती लांबच्या नजरेची. पुस्तक असतें हातभर अंतराच्या आंत, आणि तेथें डोळ्याला निराळेंच काम पडतें.

डोळ्यांतील भिंग लवचीक असतें. जवळचें पाहतांना त्याच्या भोंवतालचा स्नायु आकुंचन पावतो, भिंगास ताणून धरणारे तंतु सैल होतात आणि भिंग फुगीर बनतें. १० वर्षांच्या मुलास तीन-साडेतीन इंचांवरचें अक्षरहि स्पष्ट दिसूं शकतें. वयाबरोबर भिंग कठीण होत जातें. चाळिशींत हें अंतर आठ-नऊ इंचांवर जातें, आणि साठीला हातच पुरेनासा होतो. आपल्या भाषेनें चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटलें, तें उगीच नव्हे. ती लावल्यानें डोळे आळशी होतात, ही समजूत मात्र निराधार आहे.

प्रौढ मनुष्य वर्तमानपत्र लांब धरतो, दिव्याजवळ सरकतो. त्याचें त्याला कळतें. मूल तक्रारच करीत नाहीं, कारण सर्वांना असेंच दिसत असावें असें त्याला वाटतें. तेव्हां पाहावयाचें आपण. वाचावयास बसल्यावर थोड्याच वेळांत कपाळ दुखतें काय? डोळे चोळणें, ओळ चुकणें, वहींतून मान वर केल्यावर फळा क्षणभर अंधुक दिसणें, हीं लक्षणें आहेत काय? एक डोळा झांकून वाचण्याची खोड तर विशेष ध्यानांत ठेवावी. दोन्ही डोळे नाकाकडे वळून एका अक्षरावर नीट स्थिरावले नाहींत, म्हणजे अक्षर दुहेरी दिसतें. एक डोळा झांकला कीं तें एक होतें. सुटींत डोकें दुखत नाहीं, म्हणून घरचीं माणसें म्हणतात, “अभ्यास टाळण्याचें निमित्त!” वस्तुतः सुटींत दुखत नाहीं हाच डोळ्यांविषयीं संशय घेण्यास आधार आहे.

घरीं एक साधी पाहणी करतां येईल. बारीक छापील मजकूर एकेका डोळ्यासमोर हळूहळू जवळ आणावा व अक्षर कोठें पुसट होतें तें पाहावें. १० वर्षांच्या मुलाला सहा-सात इंचांवरच पुसट दिसूं लागलें, किंवा चार-पांच वेळां करतांना अंतर वाढत गेलें, तर नेत्रवैद्याकडे न्यावें आणि जवळच्या नजरेची तपासणी आवर्जून मागावी. थेंब घालण्यास कां-कूं करूं नये. कांहीं मुलांच्या डोळ्यांत मुळांतच दूरदृष्टीचा दोष असतो. स्नायूवर सतत ताण देऊन तीं तो झांकून नेतात. थेंबांनीं स्नायु शिथिल झाला कीं खरा आंकडा कळतो. पुढें चष्मा द्यावयाचा कीं डोळ्यांचा व्यायाम, तें त्यांनींच ठरवावें. शेजाऱ्याचा चष्मा लावून पाहणें हा उपाय नव्हे.

मधुमेहानें व कांहीं औषधांनींहि जवळची नजर बदलते, हें मोठ्यांनीं लक्षांत घ्यावें. आणि नजर एकाएकीं अंधुक झाली, डोळा लाल होऊन दुखूं लागला, किंवा पापणी खालीं आली, तर चष्म्याच्या दुकानाकडे न वळतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.