घरच्या संगणकाची किल्ली



कोकणातल्या घरात चालती वस्तू सहसा टाकून दिली जात नाही. जुन्या लुगड्याची गोधडी होते, मोडक्या खाटेची फळी माळ्यावर कामी येते. संगणकापुढे मात्र हीच काटकसरी घरे हतबल होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली; घरगुती वापरासाठी एका वर्षाची वाढीव सोय तेवढी जाहीर झाली. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला, अजून ठणठणीत असलेला संगणक कालबाह्य ठरतो. पैसे घराने मोजले, पण यंत्राचे आयुष्य दुसऱ्याने ठरवले.

या परावलंबनाचा अर्थ गुहागरला समजावून सांगावा लागत नाही. अंजनवेलचा एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प मे १९९९मध्ये सुरू झाला आणि वीजदर व देयकांच्या वादात मे २००१च्या अखेरीस थांबला. भूमी इथली, यंत्रे डोळ्यांसमोर उभी. परंतु ती चालावीत की नाही, हे करारातील अटींवर अवलंबून राहिले. २००५मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाल्यावर त्या प्रकल्पाच्या पुनरुज्जीवनाला वाट मिळाली. घरातला संगणक आकाराने लहान, पण प्रश्न तोच : किल्ली कोणाच्या हाती?

लिनक्स हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. १९८३मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. हे सॉफ्टवेअर वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक परवान्यानेच मिळते. म्हणून त्याला ‘फुकट’ न म्हणता ‘मुक्त’ म्हणणे योग्य. भारतातही सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली विकसित केली, तर केरळच्या सरकारी शाळांतील लाखो मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकली.

घरी बदल करण्याची रीत सोपी आहे, मात्र घाई नको. प्रथम छायाचित्रे, कागदपत्रे, हिशेब यांची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि ती उघडते याची खात्री करावी. मग ‘लिनक्स मिंट’सारखी प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरूनच चालवून पाहावा. तिला किमान २ जीबी, सुखाने चालण्यास ४ जीबी मेमरी पुरते. वायफाय, प्रिंटर, आवाज, कॅमेरा तपासावा. पुण्या-मुंबईतल्या मुला-नातवंडांशी आजी-आजोबांचे बोलणे नीट होते ना, हे आवर्जून पाहावे. सर्व जमले, तरच प्रणाली कायमची बसवावी. फायरफॉक्स, लिबरऑफिस ही नित्याची साधने तिच्यात असतातच. मराठीसाठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. जुन्या श्रीलिपी-आकृतीतील मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

मर्यादाही मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. टॅली मुळात विंडोजवर चालते. काही डिजिटल स्वाक्षऱ्या, काही जुने प्रिंटर अडून बसतात. आंबा-काजूच्या व्यापाराचे हिशेब ज्या संगणकावर आहेत, तो एकाएकी बदलणे शहाणपणाचे नाही. तेथे दोन्ही प्रणाली शेजारी ठेवता येतात, किंवा तो संगणक तसाच राहू देऊन मुलांच्या अभ्यासाच्या संगणकापासून आरंभ करता येतो. अट्टाहासाने केलेला बदल चार दिवसांत मागे फिरतो. समजून केलेला टिकतो.

यात खरी उणीव असते ती जाणकार सोबत्याची. प्रणाली बसवणे एका दुपारचे काम. पण ‘फाइल कुठे गेली?’ या प्रश्नाला न कंटाळता उत्तर देणारा माणूस पुढचे काही आठवडे हवा. प्रत्येक वाडीत दोन तरुणांनी एवढे दायित्व घेतले, तरी अडगळीत निघालेले संगणक विद्यार्थ्यांच्या मेजावर परततील. स्वावलंबनाची सुरुवात शेजारच्या ओटीवरूनही होऊ शकते.