जिन्यातला दिवा आणि नवा डिमर



अंबाजोगाईच्या आमच्या घरात माडीवर जाणारा जिना आहे. खाली एक बटण, वर एक बटण. दिवा कुठूनही लावावा, कुठूनही मालवावा. मागल्या दिवाळीत मी तिथं मोबाइलवरून चालणारा डिमर बसवून घेतला. म्हातारी आई रात्री उठते, तेव्हा मंद उजेड आपोआप असावा, एवढाच हेतू. पण एके संध्याकाळी मुलानं सवयीनं वरचं बटण दाबून दिवा मालवला. रात्री आई उजेडाच्या भरवशावर उतरू लागली, आणि मधल्या पायरीवर अंधारात चाचपडत उभी राहिली. पडली नाही, हे नशीब!

मी मराठीचा प्राध्यापक. विजेचं माझं ज्ञान शाळेपुरतं. म्हणून एका जाणत्या वायरमनला विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं.

जिन्यातल्या दोन टू-वे बटणांमध्ये दोन तारा धावतात. दोन्ही बटणं एकाच तारेवर आली की वाट पुरी होते, दिवा लागतो. वेगवेगळ्या तारांवर गेली की वाट तुटते. आमचा डिमर बसवला होता या वाटेच्या शेवटी. आता असे पाहा, कालव्याच्या दारावर पाटकरी बसवला, पण वरून पाणीच बंद केलं, तर त्यानं दार उघडून काय उपयोग? डिमरचंही तसंच. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते. डिमर प्रत्येक अर्ध्या फेरीचा थोडा भाग कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा हे काम करतो. त्याला स्वतःला अखंड वीज हवी.

तेव्हा बटणांनी वीज तोडायची नाही, फक्त निरोप द्यायचा. जुनी टू-वे बटणं काढून घंटीची बटणं लावायची. भिंत फोडावी लागत नाही, त्याच दोन तारा पुरतात. खालच्या बोर्डात आलेला फेज पहिल्या तारेला कायमचा जोडायचा. तोच फेज खालच्या बटणातून दुसऱ्या तारेला द्यायचा. वर पहिली तार डिमरच्या फेजला, दुसरी त्याच्या बटणाच्या टोकाला. वरचं बटण या दोन तारांच्या मध्ये. दिव्याकडे जाणारी तार डिमरमधून निघते. आता कोणीही, कुठूनही दाबलं तरी डिमरची वीज जात नाही.

मात्र डिमर न्यूट्रलशिवाय चालणारा आणि बाहेरच्या बटणासाठी वेगळं टोक असलेला हवा. एलईडी दिवाही मंद होऊ शकणाऱ्या जातीचा हवा, नाहीतर तो लुकलुकतो. न्यूट्रल लागलाच तर शेजारच्या खोलीचा उसना घेऊ नये, त्यानं धोका वाढतो. आणि एक लक्षात ठेवा: डिमरनं मालवलेला दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये वीज असू शकते. दिवा बदलण्यापूर्वी एमसीबी पाडाच. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

शिक्षक बंधुभगिनींनी फळीवर टॉर्चचे सेल, छोटा बल्ब आणि दोन टू-वे बटणं लावून हा खेळ मुलांना दाखवावा. वाट तोडणं वेगळं, निरोप देणं वेगळं, हे त्यांना चटकन उमगेल.

आमच्या जिन्यात आता रात्रभर मंद दिवा असतो. आईला मोबाइल कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. तिचं बटण तिच्या हाताशी आहे.