जोडलंय किती, रंगवलंय किती?



मिरकरवाडा बंदरावर मासा घेताना
आपण आधी कल्ला उघडून पाहतो.
दगडातला, म्हणजे जीवाश्म झालेला मासा घेतानाही तशीच नजर हवी.

अशा माशांच्या बाजारात पुष्कळदा दिसतो तो नाइटिया.
अमेरिकेतल्या वायोमिंगचा, बहुधा वीतभरही नसलेला.
वय सुमारे 5 कोटी वर्षं.

फुटलेली लादी जोडली, तर ती दुरुस्ती.
त्यात गैर काही नाही.
नसलेला पर रंगानं काढला,
तर ती भर.
ती विकणाऱ्यानं सांगायलाच हवी.

म्हणून विचारायचं:
जोडलंय किती, रंगवलंय किती?

मग भिंग घ्या.
उजेड बाजूनं, तिरपा पाडा.
खऱ्या काट्याला उंचसखलपणा असतो, बारीक चिरा असतात.
रंगाची रेघ सपाट दिसते.

आणखी एक खूण, माझ्या मते सगळ्यात बोलकी.
दगडातला तडा माशापाशी येऊन अचानक नाहीसा होतो?
पलीकडे पुन्हा दिसतो?
मधे कुणाचा तरी हात फिरलाय.

अंधारात अतिनील टॉर्च मारा.
गोंद आणि रंग बहुधा वेगळे चमकतात.

आपल्या गडचिरोलीतही, सिरोंच्याकडे,
ज्युरासिक काळातले मासे सापडलेत.
ते मात्र विकत मागू नका.
त्यांची जागा संग्रहालयात.

आणि बाहेरचा मासा घेतलात,
तर बिलावर लिहूनच घ्या:
जोडलंय किती, रंगवलंय किती.