कारणाचा रकाना

(अनसिंग, जि. वाशीम इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी वकील नाही. मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या गोदीत माल उचलायला लागलो. कविता करतो, पण आज कविता वाचणार नाही. आज हायकोर्टावर बोलणार आहे. हसू नका. ज्याच्या पाठीवर गोणी, त्यानंच विचारायचं की आत काय भरलंय.

गोदीत एक धडा शिकलो. बोटीतून माल उतरवताना स्लिंग तुटली आणि माझ्या जोडीदाराचा पाय गोण्यांखाली चेंगरला. ठेकेदाराच्या माणसानं कागद भरला. जखम कुठं, दवाखान्यात किती दिवस, सगळं खरं लिहिलं. खाली 'कारण' असा रकाना होता. तिथं लिहिलं : कामगाराचा निष्काळजीपणा. झालं! पाय त्याचाच गेला आणि गुन्हाही त्याचाच ठरला. तेव्हापासून मी कुठलाही कागद खालून वाचतो. आधी कारण.

कोर्टाचे निकालही असेच वाचा.

महाड घ्या. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. कागदानं कुणाचा घसा ओला होत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा तो ओला झाला. मग आपली डोकी फुटली, शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' झालं, आणि डिसेंबरात सनातनी कोर्टात गेले. म्हणे, तळं आमचं, वहिवाट आमची. मनाई हुकूम आला. भांडण जवळजवळ दहा वर्षं चाललं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाच्या ब्रूमफील्ड आणि वाडिया या न्यायमूर्तींनी सनातन्यांचं अपील फेटाळलं. आपण जिंकलो.

पण कारण वाचा. माणसाला पाण्यावरून हाकलणं अन्याय आहे, असं कोर्टानं म्हटलं नाही. कोर्ट म्हणालं, अनादि काळापासूनची रूढी तुम्हाला सिद्ध करता आली नाही. सिद्ध झाली असती तर ती रास्त की गैर हे बघावं लागलं असतं. ती वेळच आली नाही. म्हणजे तळं मोकळं झालं, रूढी मात्र शाबूत राहिली. उद्या दुसऱ्या गावानं जुनी दफ्तरं काढून रूढी सिद्ध केली असती तर?

त्या खटल्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. आता त्यांची घटना उघडा. कलम १३ : मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढीसुद्धा रद्द. कलम १५ : विहिरी, तळी, घाट, रस्ते, एकेकाचं नाव घेऊन. कलम १७ : अस्पृश्यता नष्ट. देशाच्या घटनेत 'तळं' हा शब्द उगाच आला नाही, दोस्तहो. त्या शब्दावर आपलं रक्त सांडलंय.

आता आपल्या नागपूरकडे या. वाशीमची अपिलं जिथं जातात तेच खंडपीठ. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. भोतमांगे घरातले चौघे ठेचून मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० ला खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद केली. सगळी ओरड फाशीवर झाली. कारणाचा रकाना किती जणांनी वाचला? अॅट्रॉसिटीचा कायदा खाली लागला नव्हता, वरही लागला नाही. कारण लिहिलं : सूड. सुरेखाबाईनं एका मारहाणीत साक्ष दिली, त्याचा राग.

अहो, बौद्धाच्या बाईनं तोंड उघडलं याचा एवढा राग येतो, तो राग कुठल्या मातीत उगवतो? आरोपींना शिक्षा झाली. जात निर्दोष सुटली.

मी तेव्हा शाळेत होतो. चहाच्या हॉटेलात पेपर वाचणारा एक जण आमच्या माणसांना म्हणाला, "कायले बोंबलता? कोर्टानंच सांगतलं ना, जातीचं नोहोतं म्हणून!" आमच्या बापांची तोंडं तिथंच बंद झाली. निकाल लिहिला जातो नागपुरात, आणि आपल्या तोंडावर मारला जातो चहाच्या टेबलावर.

पण शब्द बदलता येतो. जुन्या कायद्यात मोठा गुन्हा 'जातीच्या कारणावरून' झाला हे सिद्ध करावं लागायचं. मारणारा काय जातीचा दाखला जोडून मारतो? २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता समोरचा दलित आहे हे मारणाऱ्याला माहीत होतं, एवढं पुरे. दोघांची ओळख असेल तर ते माहीत होतंच असं कोर्टानं धरून चालायचं; नव्हतं, हे आरोपीनं दाखवायचं. खैरलांजीला मात्र उशीर झाला होता. २०१७ साली भैयालालही गेले.

आणि कायदा बदलला म्हणून गाव बदलतं का? त्याच २०१६ साली आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कळंबेश्वरला, बायकोला पाणी भरू दिलं नाही म्हणून एका दलित मजुरानं एकट्यानं ४० दिवस खणून विहीर पाडली. देशभर कौतुक झालं. कौतुकाच्या ढिगाखाली कारण बुजलं.

म्हणून सांगतो. हायकोर्ट आकाशातून कारण आणत नाही. खालून वर गेलेल्या कागदांत जे आहे तेच तिथं वाचलं जातं. पहिला कागद तुमच्या ठाण्यात लिहिला जातो. फिर्याद देताना घडलं ते सगळं सांगा, जातीवरून काय बोलले ते शब्दासकट सांगा, आणि लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, अंगठा देऊ नका. प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. निकाल इंग्रजीत येतो. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी तो मिळवावा आणि मराठीत मोठ्यानं वाचून दाखवावा.

रकाना आपण रिकामा सोडला की तो दुसरा भरतो. माझ्या जोडीदाराचा असाच भरला होता.

जयभीम.