मातीसाठीही एक वाटा

(खामगाव येथे ज्येष्ठ शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मृत्युपत्राचा विषय काढणे आपल्याकडे अशुभ मानले जाते. तरीही आज मी त्याविषयीच बोलणार आहे. कारण आयुष्यभर राखलेली जमीन आपल्यामागे कोण राखणार, हा प्रश्न येथे बसलेल्या प्रत्येकापुढे आहे.

खामगावच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती आहे, तर दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा. डोंगरउतारावरचे झाड गेले की पाण्याबरोबर माती जाते. एक इंच माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात; वाहून जाण्यास एखादा पावसाळा पुरतो. याच डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक चालून तेथे पोहोचला. त्याच्या वाटेत शेते होती, नाले होते, वस्त्या होत्या. धुऱ्यावरची झाडे आणि नाल्याकाठची झुडपे अभयारण्याच्या हद्दीत येत नाहीत. ती तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावर असतात. ती राखणे एकट्या शासनाच्या हातचे काम नव्हे.

जमीन देण्याची परंपरा आपणांस नवी नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी विनोबाजींना १०० एकर जमीन देऊ केली आणि भूदानाचा ओघ सुरू झाला. देशभरातून लाखो एकर मिळाली. परंतु त्यांतील पुष्कळ जमीन पुढे वाटली गेली नाही. कोठे मालकीचा वाद होता, कोठे जमीन लागवडीस अयोग्य होती. उदारता उणी नव्हती; कागद आणि पुढील व्यवस्था उणी पडली.

याउलट उदाहरण इंग्लंडचे. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या बिअट्रिक्स पॉटर १९४३ मध्ये वारल्या. त्यांनी सुमारे ४,००० एकर जमीन १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेस दिली. डोंगरावरील शेतांवर स्थानिक हर्डविक जातीच्याच मेंढ्या राखाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. हयातीतच त्यांनी या संस्थेबरोबर काम केले होते. आपली जमीन कोणाच्या हाती जाणार, हे त्यांनी आधीच पारखून घेतले होते.

आता आपल्याकडील रीत. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही अथवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नाही. तरीही दुय्यम निबंधकाकडे ती करून ठेवावी, म्हणजे पुढील वाद कमी होतात. हयात असेपर्यंत मृत्युपत्र केव्हाही बदलता येते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, हे पाहावे. अशा न्यासाला आयुक्तांच्या परवानगीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. शेतजमीन संस्थेस देताना विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याची बंधने असतात. म्हणून आधी तहसील कार्यालयात व वकिलाकडे विचारणा करावी.

सर्वांत महत्त्वाचे दोन शब्द राहिले. पहिला, हेतू स्पष्ट लिहा. केवळ ‘धर्मकार्यासाठी’ असे न लिहिता, कोणत्या गटातील किती जमीन, तेथील झाडे तोडू नयेत, बांधबंदिस्ती करावी, असे नमूद करा. आणि देखरेखीसाठी थोडी रक्कमही ठेवा. राखणदाराविना दिलेले वावर दोन वर्षांत ओसाड पडते. दुसरा, घरच्यांपासून काही लपवू नका. मुलांच्या तोंडचा घास काढून केलेले दान टिकत नाही. भारी जमीन त्यांच्याकडे राहू द्या. उतारावरचा बरडाचा तुकडा, नाल्याकाठची पट्टी एवढे जरी मातीच्या नावे केले, तरी खालच्या साऱ्या वावरांची माती त्याने राखली जाईल. मुलांना शेजारी बसवून, त्यांच्या संमतीने हे लिहा.

आपल्या वाडवडिलांनी ही जमीन आपल्या हाती दिली तेव्हा तिच्यावर माती होती. पुढच्या पिढीच्या हाती ती तशीच पडावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.